सात हातांची गल्ली

परभणीबद्दल दोन म्हणी प्रसिद्ध आहेत. एक जुनी, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. दुसरी अलीकडची, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. पहिली कुणी ऐकवली की आम्ही परभणीकर हसून घेतो. दुसरी आम्ही स्वतःच पाहुण्यांना ऐकवतो. पण जुलै महिन्यात रात्रभर पाऊस पडतो, पहाटे फजरला उठून पाय खाली टाकावा तर चटईच तरंगत असते, तेव्हा जर्मनी आठवत नाही.

आमचा मोहल्ला दर्गा रोडपासून आत जाणाऱ्या गल्ल्यांमध्ये आहे. स्टेशनवर उतरून रिक्षात बसले आणि ‘दर्गा रोड’ म्हटले की रिक्षावाला पुढचे काही विचारत नाही. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा हीच इकडची खूण. फेब्रुवारीत उरूस भरतो तेव्हा सारा जिल्हा इथे लोटतो. जिंतूर, पाथरी, मानवत, गंगाखेडहून लोक येतात, त्यात मुसलमान किती आणि हिंदू किती हे कुणी मोजत नाही. मोकळ्या जागेत बघता बघता एक तात्पुरते शहर उभे राहते. खेळण्यांची दुकाने कुठे, मिठाईची कुठे, पाळणे कुठे, बायकामुलांना यायला-जायला वाट कोणती, पाणी कुठे ठेवायचे, हे सगळे ठरते. जुने दुकानदार सांगतात, जाणती माणसे सांगतात, त्यावर वाद होतात आणि मार्गही निघतो. याला आमच्याकडे कुणी ‘नियोजन’ म्हणत नाही. पण ते नियोजनच आहे. मग उरुसाच्या चार दिवसांसाठी आम्हाला जे जमते, ते बारा महिन्यांच्या गल्लीसाठी का जमत नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावत होता.

शेतातून उगवलेले शहर

परभणी पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले, 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. 1972 साली इथे कृषी विद्यापीठ झाले. 1999 मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला. नोव्हेंबर 2011 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3 लाख 7 हजारांच्या वर मोजली गेली.

एवढी माणसे राहायला आली कुठे? जुन्या वस्तीत जागा नव्हती. मग शहराला लागून असलेल्या शेतांचे तुकडे पडले. एक गुंठा, दोन गुंठे. हातावर पोट असलेल्या माणसाने बायकोचे दागिने मोडून, भिशी उचलून एक तुकडा घेतला. तिथे रेखांकन मंजूर नव्हते आणि नालीही नव्हती. प्लॉट पाडणाऱ्याने जेवढी सोडली तेवढी वाट. अशा वस्त्या साऱ्या मराठवाड्यात इतक्या झाल्या की त्या नियमित करण्यासाठी राज्याला 2001 साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला.

त्यात आमची जमीन काळी. कापसाला ती आईसारखी, पण घराला सावत्र. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाणी पटकन पिऊन घेत नाही. उतार कुठे आहे हे डोळ्यांना कळत नाही, पण पाण्याला बरोबर कळते. शहरालगतच्या पिंगळगड नाल्याकडे जायची त्याची जुनी वाट शेताच्या काळापासून ठरलेली आहे. आम्ही त्या वाटेवर घरे बांधली आणि नंतर पाण्यालाच शिव्या देत बसलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. तो कोणत्या योजनेतून आणि कोणी केला, हे इथे महत्त्वाचे नाही. रस्ता झाला म्हणून आम्ही पेढे वाटले. पहिल्या मोठ्या पावसात कळले की रस्ता आमच्या उंबऱ्यापेक्षा वीतभर उंच झाला आहे. पूर्वी गल्लीत साचणारे पाणी आता घरात येऊ लागले. रस्ता करणाऱ्यांनी आम्हाला विचारले नव्हते. पण खरे सांगायचे तर काम चालू असताना महिनाभर आम्हीही येता-जाता नुसते पाहत होतो. ‘दादा, ही उंची जास्त होतेय’ एवढे एक वाक्य कुणी बोलले नाही.

मुलांनी काढलेला नकाशा

मी शाळेत शिकवते. त्या जुलैत आठवीच्या वर्गात हजेरी निम्म्यावर आली. एक मुलगी तीन दिवसांनी आली, तिची सगळी पुस्तके फुगलेली होती. मी रागावण्याआधीच ती म्हणाली, “टीचर, पानी हमेशा पीपल के पास सेच आता. अम्मी को मालूम है ना.”

अम्मीला माहीत आहे! हे वाक्य माझ्या डोक्यात बसले. भूगोलाच्या पुस्तकात नकाशाचा धडा होताच. मी वर्गाला सांगितले, या वेळी महाराष्ट्राचा नकाशा नको, आपल्या मोहल्ल्याचा काढा. चार-चार मुलांचे गट केले. पावलांनी मोजायचे, घरे, नळ, विजेचे खांब, नाली, मशीद, किराणा दुकान, सगळे दाखवायचे. मग तो कागद घरी न्यायचा आणि आई, दादी, खाला यांना विचारायचे की पाणी कुठून येते, कुठे थांबते, अंधार कुठे असतो, म्हातारी माणसे कुठे घसरतात.

आठ दिवसांनी कागद परत आले तेव्हा मी थक्क झाले. पुरुषांना विचारले असते तर रस्ता, कमान, सभागृह अशी नावे आली असती. बायकांनी वेगळेच दाखवले होते. एका कोपऱ्यावर फुली होती, ‘इथे दिवा नाही, ट्यूशनहून येताना मुली पळत येतात.’ नळाजवळ गोल होता, ‘पाणी रात्री येते, रांगेत उभे राहायला जागा नाही.’ दुसऱ्या एका जागी ‘इथून जनाजा वळत नाही’ असे लिहिले होते. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. कारण आमच्या घरातलेच एक मयत त्या वळणावर तिरके करून काढावे लागले होते.

सगळे कागद जोडून एक मोठा नकाशा केला. पाणी अडण्याच्या अकरा जागा निघाल्या. त्यातल्या चार ठिकाणी नाली मुळातच नव्हती. सात ठिकाणी नाली होती, पण ती बंद झाली होती, कुठे ओट्याखाली, कुठे जिन्याच्या पायरीखाली, कुठे मोटारसायकल चढवायच्या उतारासाठी टाकलेल्या शहाबादी फरशीखाली. सातवी जागा मुलांनी दाखवली, पण तिथे घराचे नाव लिहिले नव्हते. मी विचारले तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एक मुलगा खाली मान घालून म्हणाला, “टीचर, वो आपका घर है.”

रस्त्याचा हक्क

त्या रात्री मला एक हदीस आठवली. आपण ती वाचलेली असते, पण आपल्या दाराला लावून पाहिलेली नसते. वाटेच्या रुंदीवरून लोकांत वाद झाला तर सात हात जागा रस्त्याला सोडावी, असा निवाडा अल्लाहचे प्रेषित (स.) यांनी दिल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे साधारण दीड फूट. सात हातांचे साडेदहा फूट होतात. भरल्या मालाचा उंट जाईल आणि समोरून येणारा माणूसही जाईल, एवढी ती जागा. आज तीच रुंदी रिक्षाला लागते, रुग्णवाहिकेला लागते, जनाज्याला लागते.

पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळात कुफा शहर वसवले गेले. तेव्हा मोठे रस्ते चाळीस हात, त्याखालचे तीस, मग वीस आणि सर्वांत लहान गल्ली सात हात, असे ठरल्याचे इतिहासकार तबरी यांनी नोंदवले आहे. म्हणजे नगररचना ही आपल्यासाठी परकी विद्या नाही. वाटेतला काटा उचलणे हा ईमानचा भाग आहे हे आपण मुलांना पहिल्या इयत्तेपासून शिकवतो. मग वाटेत ओटा घालणे हा कशाचा भाग झाला?

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन आमच्या दारासमोरची गल्ली मोजली. समोरच्या भिंतीपासून आमच्या ओट्यापर्यंत आठ फूट दोन इंच भरले. ओटा अडीच फुटांचा. तो सासऱ्यांनी बांधला होता, संध्याकाळी बसायला. अम्मी अजून त्यावरच तसबीह घेऊन बसतात. घरात विषय काढला तेव्हा मिस्टर म्हणाले, “सगळ्यांचे ओटे आहेत. आपणच का तोडायचा?” मी नकाशा पुढे ठेवला. अम्मींनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाल्या, “बच्चे देख लिए ना? बस. तोड दो.”

ओटा निघाला. खाली नाली होतीच, गाळाने गच्च भरलेली. पुढच्या जुम्यापर्यंत गल्लीतले आणखी तीन ओटे निघाले. सगळे निघाले असे मी म्हणणार नाही. दोन घरे अजून आमच्याशी बोलत नाहीत.

इंदूरची मिरवणूक, पुण्याचा फॉर्म

लोकांना सोबत घेऊन वस्ती सुधारायची ही कल्पना नवी नाही. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस 1914 मध्ये भारतात आले. ज्या शहरात बोलावणे येई तिथे ते आधी गल्ल्या पायी फिरत. जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. एखादी पडकी भिंत काढावी, थोडी जागा मोकळी करावी, विहीर आणि झाड वाचवावे, म्हणजे वस्ती तिथेच राहून सुधारते, असे ते म्हणत. पुढे 1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले.

होळकरांच्या इंदुरात त्यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो. शहरात प्लेगची भीती होती, घाण साचली होती. गेडिस यांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचे जाहीर केले. ती हिंदूंच्या नेहमीच्या मार्गाने जाणार नव्हती आणि मुसलमानांच्याही नव्हे. ज्या रस्त्यावरच्या लोकांनी आपली घरे आणि गल्ली सर्वांत चांगली साफ केली असेल, त्या रस्त्याने ती जाणार होती. लोक कामाला लागले. गाड्या भरभरून कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमाही होती.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी मी बहिणीकडे पुण्याला, कोंढव्यात गेले होते. तिचे मिस्टर एक फॉर्म भरत बसले होते. विचारले तर म्हणाले, “महापालिकेचा आहे. पुढच्या वर्षी आपल्या भागात कोणते छोटे काम हवे ते लिहून द्यायचे.” पुणे महापालिकेने 2006 मध्ये हा नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकाचा उपक्रम सुरू केला. पदपथ, दिवे, बसथांबा, स्वच्छतागृह अशी कामे नागरिक सुचवतात, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात देतात, तपासणीनंतर त्यातली काही अंदाजपत्रकात येतात. एकूण रकमेत याचा वाटा फार लहान आहे आणि सुचवलेले प्रत्येक काम होते असेही नाही. कोंढव्याचे रस्ते पाहून परभणी बरी असे मला दोनदा वाटले. पण ‘तुम्हाला काय हवे’ असे विचारणारा छापील कागद हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसले होते.

दार उघडे असते, पण थोडेच दिवस

परत आल्यावर मी कायदा काय म्हणतो ते समजून घेतले. ते वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, लक्षात ठेवावे म्हणून इथे सोप्या शब्दांत देते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चा आहे. त्यानुसार शहराची विकास योजना तयार होते आणि वीस वर्षांतून एकदा तरी तिची फेरतपासणी व्हावी लागते. आधी जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा बनतो. मग ‘प्रारूप विकास योजना’ प्रसिद्ध होते. त्यात पिवळा रंग राहण्यासाठी, निळा व्यापारासाठी, जांभळा उद्योगासाठी, हिरवा शेती किंवा मोकळ्या जागेसाठी असतो. शाळा, दवाखाना, खेळाचे मैदान, स्मशान, कब्रस्तान यांच्यासाठी जागा राखून ठेवतात, तिला आरक्षण म्हणतात. रस्ता कुणाच्या घरावरून रुंद होणार हेही त्याच कागदावर असते.

या टप्प्यावर राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते की ठरलेल्या मुदतीत कोणीही नागरिक लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. त्यासाठी वकील लागत नाही. दिलेल्या हरकतींची नियोजन समितीसमोर सुनावणी होते. मुदत संपली की दार बंद. नंतर घरावर खूण करायला माणूस येतो तेव्हा आपण मोर्चा काढतो, पण तोवर कागद पुढे गेलेला असतो. आरक्षणावरही नजर ठेवावी लागते. योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत काही झाले नाही तर आरक्षण उठते. मैदान म्हणून पाहिलेल्या जागेवर मग इमारत उभी राहते.

हरकतींनी काय होते, असे कुणी म्हणेल. 2015 च्या फेब्रुवारीत मुंबईची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली. वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळांच्या नोंदींतही चुका निघाल्या. हजारो मुंबईकरांनी लेखी हरकती दिल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारला ती योजना दुरुस्त करायला सांगावे लागले. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला. तिथे ज्यांचे ऐकले गेले, त्यांनी ते मुदतीत लिहून दिले होते.

घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने, म्हणजे 1993 पासून, तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरात प्रभाग समित्यांची तरतूद आहे. आपली परभणी त्या रेषेच्या जेमतेम वर आहे. राज्याच्या कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभाही आहे, गावात ग्रामसभा असते तशी. प्रत्यक्षात क्षेत्रसभा भरलेली फार थोड्यांनी पाहिली असेल. 2017 साली निवडलेल्या नगरसेवकांची मुदत 2022 मध्ये संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकच कारभार पाहत होते. नगरसेवक असो वा प्रशासक, मोहल्ल्याची माहिती मोहल्ल्यालाच द्यावी लागते.

आपण मागे का राहतो, याचा विचार मी केला. सूचना मराठी सरकारी भाषेत असते, आपल्यातले बरेच जण ती वाचत नाहीत. गुंठेवारीत घर असलेल्याला वाटते, अर्ज दिला तर आपलेच कागद मागतील. बायकांना वाटते हे पुरुषांचे काम, पुरुषांना वाटते हे पुढाऱ्यांचे काम. पुढाऱ्याला मत मागताना कमान आणि सभागृहच सांगितलेले असते, तो तेच करतो.

कुरआनच्या 42 व्या सूरहचे नावच ‘शूरा’ आहे, म्हणजे सल्लामसलत. आपसांतले व्यवहार मशवऱ्याने करणाऱ्यांची तिथे प्रशंसा आहे. हिजरी 5 मध्ये मदिनेवर फौज चालून आली तेव्हा खंदक खोदायचा सल्ला हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी दिला. ते परदेशातून आलेले, गुलामीतून सुटलेले. त्यांचा सल्ला मानला गेला आणि प्रेषित (स.) स्वतः माती वाहू लागले. शहर वाचवणारी कल्पना कोणाकडे असेल हे सांगता येत नाही. आमच्याकडे ती आठवीतल्या मुलीच्या अम्मीकडे होती.

आवक शिक्का

आम्ही मुलांचा नकाशा स्वच्छ काढून घेतला. मराठीत एक पानाचा अर्ज लिहिला, अकरा जागा क्रमाने दिल्या. खाली सह्या घेतल्या, त्यांत निम्म्याहून जास्त बायकांच्या, काही अंगठेही. आमचे ओटे आम्ही काढत आहोत, हेही त्यात लिहिले. त्यामुळे आमचे म्हणणे वजनदार झाले असे मला वाटते. चार बायका आणि दोन वडीलधारे चाचा मिळून अर्ज द्यायला गेलो. पोच म्हणून आवक शिक्का घेतला तेव्हा एका खालांनी तो कागद पदरात असा धरला, जणू निकाहनामाच.

पुढे तीन खेपा झाल्या. एका तरुण अभियंत्याने नकाशा हातात घेऊन गल्लीत फेरी मारली आणि विचारले, “हे उतार कोणी काढले?” मुले पुढे सरसावली. अकरापैकी चार कामे झाली. पिंपळाजवळ पाइप पडला, एका वळणावर जाळी बसली, दोन खांबांना दिवे लागले. सात कामे बाकी आहेत. यंदाच्या पावसात गल्लीत पाणी आले, पण आमच्या आणि शेजारच्या घरांत शिरले नाही.

नकाशाची एक प्रत आता मदरशाच्या भिंतीवर आहे. शहराची प्रारूप योजना पुन्हा प्रसिद्ध होईल तेव्हा ती घेऊन जायचे ठरले आहे. कब्रस्तानाला पुढच्या वीस वर्षांत जागा पुरेल का, मुलींना खेळायला मैदान कुठे, हे दोन प्रश्न आतापासून लिहून ठेवले आहेत. दर वर्षी आठवीची नवी मुले तो नकाशा दुरुस्त करतात.

अम्मी आता दाराच्या आत खुर्ची टाकून बसतात. ओट्याची आठवण येते का, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, “आती है. मगर रस्ता साफ दिखता.” अल्लाह आपल्या प्रत्येक मोहल्ल्याला असा रस्ता दिसण्याची आणि तो सात हात मोकळा ठेवण्याची तौफिक देवो. आमीन.